गायरानातले पन्नास तास

जुहू, मुंबई
ता. १४ सप्टेंबर १९३४

ती. तापीजिजीस धाकट्या भावाचा, रतिलालचा, नमस्कार.

परवा सुखरूप पोहोचलो. नंदुरबारपासून मुंबईपर्यंत इंद्रसिंग कप्तान माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांचा राग रास्तही आहे.

त्या दिवशी गायरानात विमान उतरलं तेव्हा तू धावत आलीस, पण गर्दीत तुला धड काही सांगता आलं नाही. आता सांगतो. आमच्या शेठना इंदूरहून मुंबईला टपाल आणण्याचं काम हवं आहे. त्याआधी सरकारला दाखवायचं होतं की आपलं विमान वाटेत दगा देत नाही. म्हणून कप्तान आणि मी इंदूरला गेलो. येताना सातपुड्यावर ढग लागले. कप्तानांनी खाली येण्यासाठी इंजिनाचा जोर कमी केला आणि ते दोनदा खोकून बंद पडलं. खाली पाहतो तर तापी-गोमाईची पात्रं आणि आपली ब्राह्मणपुरी! मी हात करून गायरान दाखवलं. म्हशींच्या मधून त्यांनी विमान उतरवलं, ते त्यांचंच कसब.

पण पुढचं तूच पाहिलंस. अर्ध्या तासाने पंखा फिरवला तर पहिल्याच झटक्याला इंजिन चालू. मी सगळं तपासलं, दोष शून्य. तरी कप्तान म्हणाले, "कारण कळल्याशिवाय मी हे उचलणार नाही." म्हणून विमान तिथेच ठेवून आम्ही रेल्वेने आलो.

आता इथे चौकशी बसली आहे. इंजिन माझ्या हाताखालचं, ते उडायला ठीक आहे अशी सहीही माझी. इंजिन खराब ठरलं तर माझा सहीचा परवाना जाईल आणि शेठ ही इंजिनं कायमची बंद करतील. मी शेठना म्हटलं, "ते तिथेच जमिनीवर पन्नास तास चालवून बघू. चाललं तर मानाल?" ते मानले. पेट्रोलचे डबे रेल्वेने नंदुरबारला निघाले आहेत. मला मात्र चौकशी होईपर्यंत मुंबई सोडायची नाही.

म्हणून हे तुझ्या आणि दाजींच्या गळ्यात घालतो. दाजींनी शहाद्याच्या कापसाच्या जिनात वीस वर्षं ऑइल इंजिन चालवलं आहे, आणि कापूस येईपर्यंत जीन बंदच असतं. कसं चालवायचं तो कागद सोबत आहे. विमान खुंट्यांना आणि बाभळीला बांधा. तू वही ठेव. दर पंधरा मिनिटांनी फेऱ्यांचा आणि तेलाचा काटा बघायचा आणि दिसेल ते लिहायचं. अट एकच. इंजिन मध्येच बंद पडलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तुझा
रतिलाल


ब्राह्मणपुरी, ता. शहादे
ता. २६ सप्टेंबर १९३४

चि. रतिलालास आशीर्वाद.

तुझे डबे आले. प्रकाशा गावाजवळ तापी नदी दुथडी भरून होती. दिवाल्या नावाडी म्हणाला, पेट्रोल घेऊन नाव लोटणार नाही, बिडीची एक ठिणगी आणि सगळे पाण्यात. तुझे दाजी दोन दिवस काठावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नावाड्याच्या बिड्या स्वतःच्या खिशात घातल्या आणि डबे आणले.

विमानाच्या चाकांखाली गुडघाभर खड्डे केले. शेपटी बाभळीला बांधली. गावातले लोक म्हणाले, पित्तरपाटात नवं काम काढू नका. तुझे दाजी म्हणाले, "काम नवं नही, जुनंच शे. फक्त पुरं करनं शे."

सोमवारी चालू केलं. पहिल्या दिवशी मी कानात कापूस घातला तरी रात्री जेवताना समोरचं बोलणं ऐकू येईना. म्हशी दोन दिवस गायरानाकडे फिरकल्या नाहीत, आता पंख्याच्या वाऱ्याला येऊन उभ्या राहतात, त्यांना माश्या लागत नाहीत. दाजी इंजिनापासून हलत नाहीत. मला म्हणाले, "मन्हं जिनातलं इंजिन बैल शे, हाई घोडी शे. पण नाडी सारखीच."

रोज पाच तास. आज तिसरा दिवस, पंधरा तास झाले. काटे जागचे हलले नाहीत. मी चौथी शिकले ती पोथी वाचायला उपयोगी पडेल असं आई म्हणायची. काट्यांची पोथी वाचावी लागेल हे तिला कुठे ठाऊक.

एक विचारते. इंजिन चांगलं ठरलं तर दोष कोणाकडे जाईल?

तुझी
तापी


जुहू, मुंबई
ता. १ ऑक्टोबर १९३४

ती. जिजीस नमस्कार.

पंधरा तास! तुझं पत्र शेठना वाचून दाखवलं. नावाड्याच्या बिड्यांवर ते मोठ्याने हसले, महिन्यात पहिल्यांदाच.

तू विचारलंस ते सांगतो. इंजिन चांगलं ठरलं तर दोष इंद्रसिंग कप्तानांवर जाईल. घाबरून त्यांनी चुकून पेट्रोलची तोटी बंद केली असावी, असं सरकारी तपासणी-साहेबांचं मत होत आहे. मला त्यांनी विचारलं, इंजिनात काही फेरबदल केला होता का? मी म्हटलं, नाही. मग राहिलं काय? मला वाईट वाटतं. ते चांगले वैमानिक आहेत. पण विमानात दोनच गोष्टी होत्या, माणूस आणि इंजिन. इंजिनाचं मी जाणतो.

त्यांना तूर्त उडू देत नाहीत. रोज येऊन हँगरबाहेर बाकावर बसतात.

शेठनी २७ तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर पन्नास झालेच पाहिजेत. दाजींना म्हणावं, घोडीला सांभाळा.

तुझा
रतिलाल


ब्राह्मणपुरी
ता. ३ ऑक्टोबर १९३४

चि. रतिलालास आशीर्वाद.

काल इंजिन बंद पडलं.

हे वाक्य लिहिण्यावरून आमच्या घरात काल संध्याकाळपासून भांडण आहे. तुझे दाजी म्हणाले, "लिखू नको. एकदाव बंद पडनं, लगेच चालू व्हयनं. कोन पाहाले येयेल व्हतं?"

मी म्हटलं, "मी व्हतू ना."

"तुन्हा भाऊ शे तो."

"म्हनीसन तर लिखस." भाऊ आहेस म्हणूनच.

रात्री ते न जेवता झोपले. आज सकाळी उठून गुपचूप पंखा पुसायला गेले, म्हणजे राग गेला असं समजते.

आता नीट सांगते. शनिवारपर्यंत तीस तास झाले होते. मग दोन दिवस पाऊस, काही करता आलं नाही. काल सकाळी पाऊस थांबला, पण गायरानावर धुकट होतं, गवत निथळत होतं. सात वाजता चालू केलं. तासाभराने फेऱ्यांचा काटा हळूहळू उतरू लागला, कोणी दांडी ओढावी तसा. दाजींनी हात लावला नव्हता. मग ते खोकलं, पुन्हा खोकलं आणि थांबलं. एकतीस तास वीस मिनिटं. पेट्रोल होतं, तोटी उघडी होती, मी स्वतः पाहिली.

आणखी एक दिसलं, ते महत्त्वाचं नसेलही. इंजिन थांबलं तेव्हा मी वाकून पाहिलं. पेट्रोल आणि हवा एकत्र होतात म्हणून तू कागदावर खूण केलेली जी नळी आहे ना, तिच्यावर पांढरं काहीतरी धरलं होतं. मला वाटलं क्षार, विहिरीच्या मोटेला धरतो तसा. बोट लावलं तर बोट चरकलं. गारपिटीत गार उचलावी तसं. दाजींना हाक मारेपर्यंत त्याचं पाणी होऊन गवतात गळून गेलं. ते म्हणाले, दव असेल. बाजूचं सिलिंडर भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं, त्याला लागून दव कसं राहील? पण तू दिसेल ते लिही म्हणाला होतास, म्हणून वहीत लिहिलं.

आता पहिल्यापासून मोजायचं. डबे निम्म्याहूनही कमी उरले आहेत.

तुझी
तापी


जुहू, मुंबई
ता. ७ ऑक्टोबर १९३४

ती. जिजीस,

तुझं पत्र आल्यापासून मी चार वेळा वाचलं. तू बोट लावलंस तो बर्फ होता.

पेट्रोल हवेत उडतं तेव्हा ती हवा गारठते. तळहातावर पेट्रोल सांडलं तर कसं थंड लागतं, तसं. हवा दमट असेल आणि इंजिनाचा जोर कमी असेल, तर त्या नळीत आतून बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. इंजिन थांबलं की बाजूच्या उष्णतेने तो वितळतो, मागे खूण उरत नाही. सातपुड्यावरच्या ढगात हेच झालं. इंद्रसिंग कप्तानांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं.

आता जे कोणाला सांगितलेलं नाही ते तुला सांगतो.

हे होऊ नये म्हणून बनवणाऱ्याने त्या इंजिनाला एक पत्र्याचा बाहू, बाहीसारखा नळा, दिलेला असतो. धुराच्या तापलेल्या नळीवरून तो गरम हवा आत नेतो. मी तो मे महिन्यात आमच्या चारही विमानांवरून काढून टाकला. मुंबईच्या उन्हात गरम हवेने इंजिन दमायचं. मला वाटलं, ही थंड मुलखाची चैन, आपल्याकडे बर्फ कुठला? काढल्यावर मिनिटाला पन्नास फेरे वाढले. कसे ते न विचारता सगळ्यांनी पाठ थोपटली. पावसाळा लागला तेव्हा परत बसवायला हवा होता, ते सुचलंच नाही. आणि तपासणी-साहेबांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तोंडातून निघून गेलं, मग मागे घेता येईना.

इंजिन बंद पडलं हे शेठना सांगितलं, आणखी डबे मागून घेतले. का पडलं ते सांगितलं नाही.

बाहूचं चित्र काढून पाठवतो. दगा लोहाराकडून पेट्रोलच्याच डब्याच्या पत्र्याचा करून घ्या आणि दाजींना बसवायला सांगा. मग पुन्हा एकपासून मोजा.

पुढे काय करावं ते मला कळत नाही. बाकावरून कप्तान आज मला म्हणाले, "रतिलाल, खरं सांग, तोटी मी बंद केली होती का? मलाच आता खात्री वाटेना." मी मान खाली घालून आत गेलो.

रतिलाल


ब्राह्मणपुरी
ता. १३ ऑक्टोबर १९३४

रा. रतिलाल यांस चुडामणचा रामराम.

मी कागद लिहीत नाही, पण हा तुझ्या बहिणीला न सांगता लिहितो.

दगा लोहाराने पत्रा चांगला केला. पण नुसता बसवून चालवलं तर कोण मानेल, असं तापीचं म्हणणं पडलं. ती म्हणाली, "रोग येस कसा ते दाखाडा, मंग दवाई दाखाडा." पाऊस तर गेला. मग तिने गावातून गोणपाटं गोळा केली, भिजवून पंख्याच्या पुढे दहा पावलांवर बांबूला टांगली. बाया घागरींनी पाणी ओतत होत्या. पत्रा काढून चालवलं. अठरा मिनिटांत फेरे उतरले, नळी पांढरी. पत्रा लावला, एक तास काही नाही. काढला, बावीस मिनिटांत बंद. लावला, चाललं. तिसऱ्यांदाही तसंच. आता मला शंका राहिली नाही. इंजिन खणखणीत आहे. आज सकाळी पत्रा लावून पन्नास तासांची मोजणी पुन्हा सुरू केली.

आता माझं ऐक. शेठला सांग की बर्फ झाला. हवेचा दोष. पत्रा होता की नव्हता हे कोणी विचारलं नाही, तू सांगू नको. कप्तान सुटेल, इंजिन सुटेल, तूही सुटशील. जिनात माझ्या हातून एकदा पट्टा तुटून एकाचं बोट गेलं. मी कबूल केलं, तर दोन हंगाम घरी बसलो. कबुली देणाऱ्याच्या घरी कोणी धान्य आणून टाकत नाही. शहाण्यासारखा वाग.

चुडामण


ब्राह्मणपुरी
ता. २१ ऑक्टोबर १९३४

चि. रतिलालास आशीर्वाद.

काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पन्नास तास पुरे झाले. मध्येच एकदाही बंद पडलं नाही. शेवटच्या तासाला सगळं गाव गोळा झालं होतं. दाजींनी दांडी ओढली, पंखा थांबला, आणि इतकं शांत झालं की मला रडू आलं. दाजी म्हणाले, "काय व्हयनं तुले?" मी म्हटलं, "कान दुखी ऱ्हायना."

दसऱ्याला इंजिनाची पूजा केली. या खेपेला रोज सहा तास चालवत होतो, ते त्या दिवशीही चुकवलं नाही.

दाजींनी तुला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. माझ्यापासून लपवून कागद लिहिणारा माणूस शाईचा हात धोतराला पुसतो. त्यांचं वाईट वाटून घेऊ नको. ते दोन हंगाम मी पण पाहिले आहेत, आणि ते तुझ्या वाट्याला येऊ नयेत एवढंच त्यांच्या मनात आहे.

वही याच टपालाने पाठवते, पण शेठच्या नावाने नाही, तुझ्या नावाने. त्यात सगळं आहे. कधी बंद पडलं, काय दिसलं, पत्रा कधी केला, काढल्यावर काय आणि लावल्यावर काय. पत्रा आधी का नव्हता ते मी लिहिलेलं नाही. तेवढी एक ओळ रिकामी सोडली आहे. ती माझ्या अक्षरात लिहिली तर चहाडी होईल.

तू ती वही फाडलीस तरी मी कोणाला काही म्हणणार नाही. पण रतिलाल, दिवाल्या नावाड्यापासून घागरी आणणाऱ्या बायांपर्यंत चाळीस माणसं या कामात राबली, ती इंजिन खरं आहे हे दाखवायला. त्यांच्या मेहनतीवर खोटं ठेवून तू परवाना वाचवलास, तर तो परवाना कोणत्या भिंतीला लावशील?

आणि तो माणूस बाकावर बसला आहे ना अजून?

तुझी
तापी


तार
मुंबई, ता. २५ ऑक्टोबर १९३४

ओळ भरली. शेठना दिली. विमान न्यायला कप्तान येतात. मीही येतो. रतिलाल


जुहू, मुंबई
ता. ४ नोव्हेंबर १९३४

ती. जिजीस आणि दाजींस नमस्कार.

गायरानात दोन दिवस होतो, पण तुम्ही दोघांनी मला काही विचारलं नाही, आणि मलाही कप्तानांसमोर बोलवेना. म्हणून आता लिहितो.

२५ तारखेला ऑफिसात शेठ, तपासणी-साहेब आणि कप्तान होते. मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मी खोटं बोललो होतो." मग सगळं सांगितलं. शेठ मला त्याच क्षणी हाकलणार होते. साहेब मात्र वही वाचत बसले. गोणपाटांपाशी आले आणि विचारलं, "ही कल्पना कोणाची?" मी म्हटलं, बहिणीची. "काय शिकल्या आहेत?" मी म्हटलं, चौथी. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं.

इंजिनं राहिली. टपालाचं काम राहिलं. माझा सहीचा परवाना एक वर्ष बंद. नोकरी आहे, पण दुसऱ्या माणसाच्या सहीखाली.

शेवटी कप्तानांनी वही हातात घेतली. मग म्हणाले, "महिनाभर माझ्या आईने मला एकदाही विचारलं नाही की विमान खरंच बंद पडलं होतं का. शंका तिलाही होती. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं." माझ्याकडे न बघता शेठना म्हणाले, "विमान मी आणतो. पुढच्या सीटवर हा बसेल."

उडालो तेव्हाचं तुम्ही पाहिलंत. पुढचं सांगतो. घाटावर ढग होते. वळसा घालता आला असता, पण कप्तान सरळ आत शिरले. मग त्यांनी जोर कमी केला, त्या दिवशी केला होता तेवढाच. मला वळून बघायची हिंमत झाली नाही. सगळं पांढरं, खाली काही दिसेना. मी घड्याळ धरून बसलो. एक मिनिट. पाच. दगा लोहाराच्या पत्र्याकडे बघत होतो. माझ्या आयुष्यात मी कोणत्याही देवाकडे इतकं एकटक पाहिलेलं नाही. अकरा मिनिटांनी ढग संपले, खाली समुद्र दिसला. इंजिन एकदाही खोकलं नाही.

जुहूला उतरल्यावर ते निघून गेले. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावून विमानाची नोंदवही पुढे केली. लिहिलं होतं: "इंजिन निर्दोष. कारण सापडले." मी वाचली. त्यांनी वही मिटली. तेवढंच. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ते बाकावर नव्हते, आकाशात होते.

दाजी, तुम्ही घाबरला होतात तसं फार वाईट झालं नाही, आणि फार बरंही झालं नाही. भाऊबीजेला सुट्टी मागणार नाही, यंदा ते शोभणार नाही.

आता उरलेल्या तीन विमानांना गरम हवेचा पत्रा बसवायचं काम माझ्याकडे आहे. काल पहिला बसवला. ज्याची सही लागते तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे. त्याने वरवर पाहिलं आणि टाक उचलला. मी म्हटलं, "थांबा. डाव्या बाजूचा एक स्क्रू मला ढिला वाटतो."

तो म्हणाला, "चालेल की."

मी म्हटलं, "नाही चालणार."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टाक खाली ठेवून स्वतः पेचकस घेतला, स्क्रू आवळला, हाताने पत्रा हलवून बघितला, आणि मगच सही केली.

तुझा
रतिलाल